हवापाणी : माणसं या गावात राहायला का आली?

स्मरणिका समितीने सगळ्या सभासदांना एक छोटी प्रश्नावली दिली होती. त्यात एक प्रश्न असा होता : "राहण्यासाठी तुम्ही हे शहर आणि ही जागा का निवडली?" भरून आलेले कागद वाचताना मजा आली. कुणी मुंबईच्या घामाला कंटाळून आलेलं. कुणाला नागपूरचा मे महिना सोसला नाही. कुणाला डॉक्टरांनी कोरड्या हवेत राहायला सांगितलेलं. बीड, परभणी, जालन्याकडून नोकरीनिमित्त आलेले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले सभासद तर बरेच आहेत. त्यांनीही लिहिलंय, "संध्याकाळी डोंगरावरून वारा सुटतो, म्हणून ही जागा घेतली." जवळपास प्रत्येक उत्तरात 'हवा' हा शब्द आहे. 'पाणी' हा शब्द मात्र एकाच उत्तरात सापडला, आणि तोही तक्रार म्हणून!

आपल्या भाषेत हे दोन शब्द जोडीनेच येतात. एखादं गाव मानवलं की आपण म्हणतो, "तिथलं हवापाणी मानवलं." नुसती हवा मानवली असं सहसा कुणी म्हणत नाही. ही जोडी आपल्या शहराच्या इतिहासात फार ठळक दिसते. या मुलखात हवा पाहून, नकाशा पाहून, हुकूम म्हणून किंवा पोटापाण्यासाठी माणसं येत राहिली. पण वस्ती टिकली ती पाण्याची सोय झाली तिथे. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ही गोष्ट सुरुवातीपासून पाहू या.

पावसाळ्यापुरतं घर

हवामान पाहून राहायची जागा ठरवण्याचा आपल्याकडचा सर्वांत जुना पुरावा विद्यापीठामागच्या डोंगरात आहे. बौद्ध भिक्षूंनी एरवी फिरायचं आणि पावसाळ्यात एका जागी राहायचं, असा नियम होता. या मुक्कामाला 'वर्षावास' म्हणतात. वाटा चिखलाने बंद, नद्यांना पूर, शेतात कोवळी पिकं. अशा वेळी फिरणं बरं नव्हे, एवढा साधा विचार त्यामागे आहे. डोंगरात कोरलेली लेणी ही मुळात या मुक्कामाची सोय. पुढे ती बारमाही विहार झाली. आपल्या शहरालगतची लेणी बारा आहेत. त्यातलं चौथ्या क्रमांकाचं चैत्यगृह सर्वांत जुनं, आणि बरीचशी लेणी साधारण सहाव्या-सातव्या शतकातली मानतात.

मे महिन्यातल्या दुपारी लेण्यात गेलात, तर दारातून दहा पावलं आत गेल्यावर फरक कळतो. वर डोंगराएवढा कातळ असल्यामुळे बाहेरचं ऊन आत पोचत नाही. घर गार ठेवण्याची ही युक्ती दीड हजार वर्षांपूर्वीची आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट लेण्याच्या बाजूला असते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या लेण्यांजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. जुन्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलेलं आहे. कातळावरून ओघळणारं पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि वापरायचं. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला तर झिरपणारं पाणी बाहेर काढून देण्यासाठी दगडात पन्हळी कोरल्या आहेत. राहायची खोली आणि पाण्याचं टाकं ही दोन्ही कामं एकाच छिन्नीने झालेली आहेत. म्हणजे जागा निवडतानाच पाण्याचा विचार झालेला होता.

नकाशा पाहून हलवलेली राजधानी

यादवांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली. पाचवा भिल्लम हा तिचा संस्थापक मानतात. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि पुढच्या काही वर्षांत यादवांचं राज्य संपलं. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने देवगिरीचं नाव दौलताबाद करून राजधानी दिल्लीहून इथे आणायचं ठरवलं. शाळेत आपण सगळ्यांनी हा धडा वाचलाय. 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोगही त्यातूनच मराठीत आला.

त्याचा हिशेब अगदीच वेडेपणाचा होता असं म्हणता येत नाही. दक्षिण जिंकली होती, राज्य मोठं झालं होतं आणि देवगिरी त्या राज्याच्या मध्याजवळ येत होती. किल्लाही असा की हल्ला करणाऱ्याची छाती दडपावी. पण जागा निवडली गेली ती नकाशावर. दिल्लीच्या माणसांना ना विचारलं, ना त्यांच्या राहण्याखाण्याच्या सवयींचा विचार झाला. यमुनेकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं एकदम दख्खनच्या काळ्या कातळावर आली. काही वर्षांतच सुलतानाला परतीची परवानगी द्यावी लागली आणि दरबार पुन्हा दिल्लीला गेला.

दौलताबादेत पाण्याची सोय नव्हती असं मात्र नाही. किल्ला पाहायला जातो तेव्हा 'हत्ती हौद' आपण सगळेच पाहतो. एवढा मोठा हौद बांधणाऱ्यांना पाण्याची किंमत ठाऊक होतीच. पण किल्ल्यातली शिबंदी जगवणं वेगळं आणि हुकमाने आणलेलं अख्खं शहर जगवणं वेगळं.

दिल्लीहून आलेले सगळेच मात्र परत गेले नाहीत. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच राहिले. १३३७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांचा दर्गा खुलताबादेत आहे. घाटमाथ्यावरचं हे गाव खालच्या सपाटीपेक्षा दीडेकशे मीटर उंच आहे आणि उन्हाळ्यातही तिथे बरं वाटतं. स्वतःच्या मर्जीने राहिलेल्यांनी वस्तीसाठी ही वरची जागा पसंत केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मलिक अंबरची खडकी

आपलं शहर ज्याने वसवलं तो मलिक अंबर हबशी होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खाम नदीच्या काठी खडकी इथे राजधानी वसवली. गावाच्या नावातच खडक! दौलताबादचा किल्ला हाकेच्या अंतरावर हवा, म्हणून ही जागा निवडली गेली. नदी लहान, पावसाळा संपला की धार बारीक होत जाणारी. उत्तरेला डोंगर. विहिरींना कातळ लागायचा. राजधानी म्हटलं की फौज, घोडे, हत्ती, कारखाने, बागा. एवढ्यांना पाणी कुठून आणायचं?

अंबरने काढलेला मार्ग आजही जमिनीखाली आहे. 'नहर-ए-अंबरी' हे त्याचं नाव. ती कशी चालायची हे थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी नहरीचं नाव ऐकलंय, पण तिची युक्ती ठाऊक नसते.

शहराच्या उत्तरेला हर्सूलकडचा भाग उंच आहे. तिथल्या डोंगरात पावसाचं पाणी मुरतं आणि मुरमातून, खडकाच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपतं. नहरीने नदी अडवली नाही, धरणही बांधलं नाही. जमिनीखाली बोगद्यासारखा मार्ग खणून हे झिरपणारं पाणीच गोळा केलं. मार्गाला शहराच्या दिशेने अगदी मंद उतार दिला, म्हणजे पाणी आपल्याच वजनाने वाहत राहील. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवली. त्यातून माणूस आत उतरून गाळ काढू शकायचा आणि आतली हवाही खेळती राहायची. शहराजवळ आल्यावर पाणी खापराच्या नळांतून जायचं. मध्ये मध्ये दगडी मनोरे उभारले होते. नळातल्या पाण्याचा दाब फार वाढला तर नळ फुटतील, म्हणून पाणी मनोऱ्यात वर चढवायचं आणि पुन्हा खाली सोडायचं. शेवटी ते मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या हौदांत पडायचं.

यात मोटर नाही, वीज नाही, बैलही नाही. सगळं पाणी जमिनीखालून येत असल्यामुळे वाटेत ऊन लागून आटायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात उघडं पाणी किती झपाट्याने आटतं, ते गच्चीवर पक्ष्यांसाठी वाटी ठेवणाऱ्यांना ठाऊक आहे! म्हणजे अंबरच्या कारागिरांनी इथली हवा ओळखून पाण्याची वाट ठरवली होती.

या शहराची परीक्षा लवकरच झाली. मुघल फौजांनी १६१६ मध्ये खडकी उद्ध्वस्त केली आणि १६२१ मध्ये शाहजहानच्या फौजेने पुन्हा एकदा. वाडे पडले, घरं जळाली. पण दोन्ही वेळा गाव परत वसलं. जमिनीवरचं जळालं तरी जमिनीखालचा पाण्याचा मार्ग पुन्हा कामी येऊ शकत होता. गाव परत उभं राहायला इतरही कारणं होतीच. पण जळालेल्या गावात परत येणारा माणूस आधी पाणी आहे का ते बघतो, आणि मग भिंत उभारतो.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याचा मुलगा फतेहखान याने गावाचं नाव फतेहनगर केलं. १६५३ मध्ये, दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, औरंगजेबाने त्याचं औरंगाबाद केलं. आता ते छत्रपती संभाजीनगर झालं आहे. चारशे वर्षांत नावं बदलली, राज्यकर्ते बदलले. पण मुघल आले तेव्हा त्यांनी अंबरची पद्धत टाकली नाही, उलट नव्या नहरी काढल्या. बेगमपुरा, शहागंज अशा वस्त्यांपर्यंत नहरींचं पाणी पोचलं.

पाणचक्कीतली गार खोली

या सगळ्यात पाहुण्यांना आपण हमखास दाखवतो ती पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंत हे काम होत गेलं. सुमारे सहा किलोमीटरवरच्या डोंगरातून नळाने पाणी आणलं, उंचावर चढवलं आणि तिथून हौदात पाडलं. पडणाऱ्या पाण्यावर पिठाची चक्की फिरवली. यात्रेकरू आणि गोरगरिबांच्या जेवणासाठी तिचं पीठ वापरलं जायचं.

चक्की सगळे बघतात, पण हौदाखाली काय आहे ते कमी लोक विचारतात. मोठ्या हौदाचा तळ हे खालच्या दालनाचं छत आहे! जाड खांबांवर तोललेलं हे दालन मुक्कामाला आलेल्यांसाठी होतं. डोक्यावर पाण्याचा थर, म्हणून उन्हाळ्यातही दालन गार. एकाच पाण्याने चक्की फिरवली, दळण दळलं, खोली गार केली आणि पुढे ते वापरायलाही गेलं.

याच तत्त्वावर आज आपल्या खिडकीतला कूलर चालतो. आपली हवा कोरडी आहे, म्हणून ती पाणी पटकन शोषते आणि पाणी आटताना हवा गार होते. मुंबईत कूलर लावून उपयोग नाही, कारण तिथली हवा आधीच ओली असते. आपण ज्या कोरड्या हवेचं कौतुक करतो तिच्यामुळेच कूलर चालतो, पण त्याला दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी सहज लागतं. ज्या दिवशी टँकर येत नाही, त्या दिवशी कूलरचा नुसता गरम वारा अंगावर येतो, हे आपण अनुभवलेलं आहे. आपल्या गावात पाण्याशिवाय 'छान हवा' ही वर्षातले आठ महिनेच असते.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांनी याची आठवण ठेवलेली होती. आपल्यापैकी अनेकांचं बालपण माळवदाच्या घरात गेलं. हात-दीड हात जाड भिंती, लाकडी तुळया-किलचांवर मातीचा जाड थर, छोट्या खिडक्या. उन्हाळ्यात दुपारी दारं लावून आत, रात्री माळवदावर अंथरूण. आणि वाड्यात एक आड असायचाच. आड नसलेला वाडा कुणी 'चांगल्या हवेचा' म्हणून घेतल्याचं ऐकिवात नाही.

हवापालटाला जाणारे साहेब

नुसती हवा पाहून गाव वसवण्याची पद्धत आपल्याकडे इंग्रजांनी रूढ केली. १८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढला आणि १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून तिथे वसाहत उभी केली. म्हणून तिथल्या बाजाराला माल्कमपेठ नाव पडलं. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये माथेरानवर गेला. विदर्भातलं चिखलदरा १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडलं, असं सांगतात. मुंबई सरकारचा कारभार तर हवेप्रमाणे फिरायचा : उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. गव्हर्नरसाहेबांमागून दप्तरं, कारकून आणि शिपाई घाट चढायचे. मराठीत 'हवापालट' हा शब्द या काळात घरोघरी गेला.

आपल्याकडे १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि शहराचं वैभव ओसरलं. पुढे इंग्रजी छावणी आली. गावाच्या बाहेर, मोकळ्या हवेत, मोठी आवारं आणि झाडांच्या रांगा असा छावणीचा नमुना आजही दिसतो. उन्हाळा फार झाला की साहेब लोक खुलताबादला जाऊन राहायचे. त्याच्याही वर म्हैसमाळ आहे. आता पावसाळ्यात रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. गिरिजामातेचं देऊळ, धुकं, भाजलेली कणसं. पण म्हैसमाळचं महाबळेश्वर झालं नाही. थंड हवेच्या गावात जाऊन राहणं हंगामापुरतं ठीक असतं. गव्हर्नरांनी महाबळेश्वरात उन्हाळा काढला, पण पावसाळा सुरू व्हायच्या आत तेही खाली उतरत होते.

डोंगरातलं पाणी ते धरणातलं पाणी

स्वातंत्र्यानंतर शहर पुन्हा वाढू लागलं. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचं महाविद्यालय इथे सुरू झालं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. चिकलठाण्याला, नंतर वाळूजला कारखाने आले. सत्तरच्या दशकात सिडकोने वसाहती आखायला घेतल्या. एन-वन, एन-टू असे क्रमांकच पत्ते झाले. १९६१ मध्ये लाखाच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख झाली.

या शहराला नहरी पुरणार नव्हत्याच. त्यातल्या अनेकींच्या डोक्यावर घरं, रस्ते आणि गटारं आली. खापराचे नळ फुटले, झडपा बुजल्या. तोवर पैठणला जायकवाडी उभं राहत होतं. १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. नाथसागराची पूर्ण साठवण १०२ टीएमसी. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ पडला होता. खडी फोडायला गेलेल्या माणसांची पिढी अजून आपल्यात आहे. त्यांना विचारा, जायकवाडी भरलं तेव्हा काय वाटलं होतं ते.

पण एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नाथसागर पूर्ण भरतो तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर असते. आपलं शहर साडेपाचशे मीटरच्याही वर आहे. अंबरचं पाणी उत्तरेच्या डोंगरातून उताराने खाली यायचं. आपलं पाणी दक्षिणेकडून, पन्नासेक किलोमीटरवरून चढावर आणावं लागतं. वीज गेली, पंप बिघडला, जलवाहिनी फुटली की शहर थांबतं.

इथे पुण्याशी तुलना करून पाहा. पुण्याची उंची साधारण आपल्याइतकीच. शहरातला पाऊसही आपल्यासारखाच, वर्षाला सातशे-सव्वासातशे मिलिमीटरच्या घरात. मुलं 'पुण्याची हवा छान' म्हणून तिकडे जातात तेव्हा मला हसू येतं. उन्हाळ्याचे दोन-तीन अंश सोडले तर हवेत फार फरक नाही. फरक आहे तो पाण्यात. सह्याद्रीचा धो-धो पाऊस पुण्याच्या वरच्या अंगाला पडतो, आणि खडकवासला, पानशेत ही धरणंही वरच्या अंगाला आहेत. पुण्याचं धरण पुण्याच्या डोक्यावर, आपलं धरण आपल्या पायाशी. आणि आपल्या धरणात पाणी येतं ते बरंचसं नाशिक-नगरकडचा पाऊस बरा झाला तर.

म्हणून आपल्या गावात जलवाहिनीचे आकडे लहान मुलांनाही पाठ असतात. सातशे मिलिमीटरची जुनी, चौदाशेची नंतरची. अडीच हजार मिलिमीटरच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. नळाला चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने पाणी येणं याला आपण सरावलो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. लातूर आपल्यापासून फार लांब नाही.

आणि आपली सोसायटी

आता घरचं बोलू. पंचवीस वर्षांपूर्वी सातारा-देवळाईकडची ही जमीन पाहायला पहिले सभासद आले, तेव्हा इकडे महापालिकेची हद्दही नव्हती. खंडोबाचं देऊळ, शेतं, मागे डोंगर. जागा स्वस्त होती आणि वारा भरपूर. दोन बोअर घेतले, दोन्हींना पाणी लागलं आणि सगळ्यांनी निःश्वास सोडला. आपण हवा पाहून आलो, पाणी मिळालं ते नशिबाने.

पण आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. हा कातळ पाणी धरून ठेवत नाही. वरच्या मुरमात आणि भेगांत जे मुरतं तेवढंच. आसपास पंचवीस वर्षांत शेकडो इमारती झाल्या. प्रत्येकीने बोअर घेतले, अंगणात फरशी आणि पेव्हर ब्लॉक टाकले. मुरायची जागा गेली आणि उपसा वाढला. आपला एक बोअर आता मार्चमध्येच हवा ओढतो. दुसरा एप्रिलपर्यंत कसाबसा. मग टँकर. देखभाल खर्चात टँकरचा आकडा वाढत गेला, तसे वार्षिक सर्वसाधारण सभेतले आवाजही वाढत गेले. तळमजला म्हणतो वरचे जास्त वापरतात, वरचे म्हणतात गाड्या खाली धुतल्या जातात. पंचवीस वर्षांत एकमेकांच्या लग्नकार्यात राबलेली माणसं पाण्यावरून महिना-महिना बोलत नाहीत, हेही याच सोसायटीत झालं आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. गेल्या तीन-चार वर्षांत काही ज्येष्ठ सभासदांनी फ्लॅट विकायला काढले. हवा बदलली म्हणून नाही. वारा अजून तसाच आहे. "मुलं पुण्याला आहेत. या वयात रात्री टँकरची वाट बघत बसणं होत नाही," असं त्यांचं म्हणणं. दिल्लीकरांना सुलतानाने परत जायची परवानगी दिली होती. आपले लोक न विचारता निघाले आहेत.

उपाय नवा नाही. भिक्षूंनी पोढी कोरली, अंबरने मुरलेलं पाणी गोळा केलं. आपल्याकडे गच्ची आहे. हिशेब अगदी शाळेतला आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या इमारतींच्या गच्च्या मिळून सहाशे चौरस मीटर धरू आणि वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर. म्हणजे चार लाख वीस हजार लिटर. आटणं, गळणं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून देणं यासाठी चौथा हिस्सा वजा करा. तरी तीन लाखांवर पाणी उरतं. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर तीसहून जास्त टँकर. आज हे सगळं पाणी पाइपातून थेट गटारात जातं, आणि त्यानंतर आठ महिन्यांनी आपण टँकरवाल्याला फोन करतो.

हे पाणी गाळून बंद पडलेल्या बोअरमध्ये आणि आवारातल्या शोषखड्ड्यात सोडलं, तर ते लगेच नळाला येणार नाही. शेजारच्यांच्या बोअरलाही त्यातलं थोडं मिळेल. यावरून गेल्या दोन सभांमध्ये प्रश्न आला, "आपण खर्च करायचा आणि पाणी दुसऱ्याने ओढायचं?" प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर असं की नहरसुद्धा एका वाड्याची नव्हती. डोंगर सगळ्यांचा, उतार सगळ्यांचा, हौद मोहल्ल्याचा. आजूबाजूच्या पाच-सहा सोसायट्यांनी एकाच पावसाळ्यात हे काम केलं, तर कुणाचं पाणी कुणी ओढलं हा हिशेबच राहणार नाही. आपली संस्था सहकारी आहे, हे फक्त पाटीवर लिहिण्यासाठी नसावं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय पुन्हा येणार आहे. खर्चाचा अंदाज समितीने काढला आहे, तो दोन वर्षांच्या टँकरच्या बिलाहून कमी आहे. पेव्हर ब्लॉकची एक पट्टी उखडून तिथे माती मोकळी करायची, गच्चीचे पाइप एकत्र आणायचे आणि गाळणीची टाकी बसवायची, एवढंच काम आहे. पाऊस येण्याआधी ते पूर्ण व्हायला हवं, म्हणून सभासदांनी सभेला यावं आणि हात वर करावा, ही विनंती.

कदाचित पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघेल. तेव्हाची समितीही सभासदांना विचारेल, "ही जागा का निवडली?" काही उत्तरं आपल्या मुलांची असतील, काही आज आपल्याला माहीत नसलेल्या माणसांची. वारा तेव्हाही असेल, कारण डोंगर कुठे जात नाही. पाणी असेल की नाही, ते मात्र येत्या एक-दोन पावसाळ्यांत आपण काय करतो त्यावर आहे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा!